खालच्या खोलीतल्या टीव्हीचं दुखणं

मालवण, अक्षय तृतीयेनंतरचा सोमवार

चि. बाबू यास,

थोरल्या बहिणीचे पोटभर आशीर्वाद. थोरली बहीण म्हणजे मी, यशोदा. उंचीने कमी, आवाजाने मोठी, डाव्या भुवईवर तुझ्या विटीची खूण. चष्मा कपाळावर ठेवून घरभर चष्मा शोधणारा माणूस तू, बहीणसुद्धा अशीच कुठेतरी ठेवून विसरला असशील म्हणून आधी ओळख पटवून दिली. (गेल्या दिवाळीत फोनवर मला ‘कोण बोलतंय?’ असं विचारलं होतंस. तू विसरलास, मी नाही. मला लिहिता येत नाही, त्यामुळे सगळं डोक्यातच ठेवावं लागतं.) गुडघा कसा आहे? साखर किती? खोकल्याला काढा घेतोस की नुसता करून ठेवतोस? माझं विचारशील तर दात सोडून बाकी सगळं जागेवर आहे.

फोन सोडून पत्र कशाला, म्हणशील. फोनवर तू दोन वाक्यांनंतर ‘बरं, बरं’ म्हणून ठेवून देतोस. पत्राला तसं ठेवता येत नाही, शेवटापर्यंत वाचावं लागतं. लिहिते आहे आमची सून रसिका, जितेंद्राची बायको. मी मालवणीत सांगते, ती नगरपरिषदेत कामावर कागद लिहिते तसं नीट करून उतरवते, म्हणून वाचताना बहीण तहसीलदार झाली की काय असं समजू नकोस. तू शाळेत जायचास तेव्हा तुझी पाटी दारापर्यंत मीच न्यायची आणि तिथून गुरांकडे वळायची. अक्षरं तुझ्या वाट्याला आली, माझ्या वाट्याला पाटीचं वजन. (रसिका म्हणते, हे वाक्य नको, मामांना वाईट वाटेल. मी म्हटलं, लिही, थोडं वाटू दे.)

आता आभार. तुझं परळचं दुकान बंद करताना शेवटचा राहिलेला टीव्ही तू माझ्याकडे पाठवलास, त्याबद्दल देव तुझं बरं करो. तो आता खालच्या खोलीत आहे, आणि त्याच्याच पायी हे पत्र. खालची खोली तुला आठवत असेल ती मासळीच्या जाळ्यांची आणि नारळांची. आपलं घर उतारावरचं, म्हणून रस्त्याच्या बाजूने ती जमिनीखाली आणि मागच्या बाजूने परड्यात उघडी. जितेंद्राने वरचे दोन खण पर्यटकांसाठी काढले तेव्हा मीच म्हटलं, मला खाली दे, पायऱ्या नकोत. बाबू, काय खोली केली आहे पोराने! फरशी घातली, वर पांढरं छत केलं, न्हाणीघर आतच आणि खाटा दोन. एका खाटेवर मी. दुसरी रिकामी. दुपारी तिच्यावर शेजारची हौसाबाई बसते, पण बसणं वेगळं आणि राहणं वेगळं.

तुझी इंदू गेल्यापासून मी तुला चारदा बोलावलं. माहेरचं पिंगुळीचं घर रस्तारुंदीत गेलं, मुलगी बंगळुरूला, दुकान बंद, तू त्या खोलीत एकटा. आणि दर वेळी तुझं एकच उत्तर, ‘बाय, काम नसताना भैनीच्या घराक किती दिस रवतलंय?’ मागे आलास तेव्हा तिसऱ्या दिवशी पिशवी भरलीस. बहिणीच्या दारात भाऊ फार दिवस राहिला की लोक बोलतात, हे मलाही ठाऊक आहे. (बोलणाऱ्यांची नावंही ठाऊक आहेत, पण रसिका ती लिहायला तयार नाही.) ते राहू दे. मी सांगत होते टीव्हीचं.

अट एकच होती, की दर महिन्याचा नवा खर्च डोक्यावर नको. जितेंद्राने पहिला उपाय केला तो फुकटातला. वर पाहुण्यांच्या टीव्हीची जी डबी आहे, तिलाच एक वायर जोडून ती खाली आणली. चित्र स्वच्छ. पण डबी एकच, त्यामुळे वरचे लोक जे बघतील तेच खाली दिसायचं. माझ्या मालिकेतली सून सासूसमोर उभी राहून आता खरं सांगणार, इतक्यात एक दाढीवाला चेंडू टाकायला धावत यायचा. मी काठीने छताला ठोकायची. वर कोल्हापूरचं एक कुटुंब होतं, त्यांना वाटलं खाली कोणी आजारी आहे, धावत आले बिचारे. मी त्यांना बसवून मालिकेची मागची सगळी गोष्ट सांगितली. दुसऱ्या दिवशी सात वाजता त्यांनी वर आपणहून मालिका लावली, आणि घरी परतल्यावर त्या बाईंचा रसिकाला फोन, ‘आजींना विचारा, पुढे काय झालं?’ चांगली माणसं. पण दर आठवड्याला नवे पाहुणे आणि नव्याने मागची गोष्ट, एवढा दम माझ्यात नाही.

दुसरा उपाय छत्रीचा. एकदाच विकत घ्यायची, मग महिन्याला काही भरावं लागत नाही, अशी ती छत्री. जितेंद्राने ती परड्यात माझ्या दारासमोर लावली. आता जितेंद्र होडीवरचा माणूस. खाऱ्या वाऱ्याने लोखंड गंजतं हे त्याला पक्कं माहीत, म्हणून त्याने होडीला लावतात ते काजूच्या टरफलांचं तेल छत्रीला दोन हात चोपडलं. छत्रीच्या तोंडासमोर जो डोळा असतो, ज्यातून चित्र आत येतं, त्यालाही राहू नये म्हणून तीन हात. वायर कमी पडली तेव्हा दोन वायरी सोलून, नांगराच्या दोराला घालतात तशी पीळ देऊन गाठ घातली, वर डांबर. मला म्हणतो, ‘आये, ह्या गाठीक होडी बांधलंस तरी सुटाची नाय.’ खरंच सुटली नाही. पण चित्रही आलं नाही. तुझ्या दुकानात असलं काही आलं असतं तर तू गिऱ्हाइकाला बाहेर काढलं असतंस. मी मात्र त्याला बरं म्हटलं, कारण पोराने तीन रविवार उन्हात घातले होते. ती छत्री आता आम्ही आडवी करून ठेवली आहे आणि तिच्यात हौसाबाई कोकमाची सोलं वाळवते. ऊन चारी बाजूंनी लागतं, सोलं काळीभोर होतात. देव कंपनीचं बरं करो.

मधे मी विचारलं, बाबूने पूर्वी बांबूवर बांधून दिलेला तो काट्यांचा अँटेना माळ्यावर आहे, तो का नको? जितेंद्र हसला. म्हणे हवेतून यायचं आता बंद झालं. मी म्हटलं, हवेतसून येवचा बंद झाला, मगे गेला खंय? तू सांग.

तिसरा उपाय नातीचा. तन्वीने टीव्हीच्या मागे बोटाएवढी एक काडी खुपसली आणि म्हणाली, आजी, आता माझ्या मोबाईलमधलं सगळं इथे दिसेल. दिसलं खरं. पण जांभ्याच्या भिंतीतून मोबाईलला वारा लागत नाही, म्हणून तो वर खिडकीच्या गजाला रुमालात बांधून ठेवायचा. त्यात तिच्या मैत्रिणीचा फोन आला की मालिका थांबायची. एकदा थांबली ती नेमकी बारशाला, आम्ही सहा बायका पडद्याकडे तोंड करून बसलेल्या. शिवाय तन्वी कॉलेजला कुडाळला. म्हणजे टीव्ही रोज सकाळच्या एसटीने कुडाळला जाणार आणि दमूनभागून संध्याकाळी परतणार. परतल्यावर त्याला अभ्यास. मी म्हटलं, नको गो बाय, तुझा टीव्ही तुलाच लखलाभ.

मग चौथा उपाय, केबलवाला बाबली. आपल्याच दारावरून त्याची वायर जाते, म्हणाला, काकींसाठी कमीत कमीत करून देतो, म्हणून खर्चाची अट मी सोडली. जांभ्याच्या भिंतीला भोक पाडायचं होतं. बाबलीने आतून सुरुवात केली, जितेंद्राने बाहेरून, दोघांनी माप आपापलं घेतलेलं. भिंतीच्या पोटात दोघं एकमेकांना न भेटताच पुढे गेले. दोन भोकं झाली, हातभर अंतरावर. एकात आता गांधीलमाशी राहते, दुसऱ्यात रसिका उदबत्ती खोचते. वायर शेवटी न्हाणीघराच्या झरोक्यातून आली. आणि टीव्ही लागला, बाबू! असा लागला की हौसाबाईने त्याला हळदकुंकू लावलं.

पण सुख किती दिवस? चार. पाचव्या दिवशी संध्याकाळी सात वाजता पडदा निळा आणि वर अक्षरं. रसिका म्हणते, ‘सिग्नल नाही’ असं लिहिलंय. तेव्हापासून रोज सातला हेच. बाबलीने डबी बदलली, वायर बदलली, तीनदा खांबावर चढला. काल कपाळाला हात लावून बसला. ‘काकी, लाइन बरी आसा, वायर बरी आसा, मगे आडता खंय ता माका समजना नाय.’ एवढा कष्टाळू माणूस, पण या दुखण्यापुढे हरला. मी त्याला चहा दिला, दुसरं काय करणार.

म्हणून काल रात्री जेवताना जितेंद्र स्वतःच म्हणाला (मी एक अक्षर बोलले नव्हते, रसिका साक्षीला आहे), ‘आये, आता बाबूमामाच होयो. तेच्याशिवाय ह्या कोणाच्यान होवचा नाय.’ ऐकलंस? हे बोलावणं बहिणीचं नाही, घरच्या कर्त्याचं आहे. पाहुणा म्हणून येऊ नकोस. कारागीर म्हणून ये. हत्यारांची पिशवी घेऊन कुडाळ स्टेशनवर उतर, जितेंद्र न्यायला येईल. सगळ्यांनी आपापल्या परीने खूप केलं, सगळ्यांची मी ऋणी आहे. पण चाळीस वर्षं टीव्हीची पोटं फाडलेला माणूस आमच्या घरचा असताना मी निळ्या पडद्याकडे बघत का बसू?

तुझी बहीण,
यशोदा
(सही म्हणून अंगठा. शाई पुसताना थोडी पसरली आहे, तो माझाच अंगठा समज.)

ता. क. मामा, सा. न. वि. वि. मी रसिका. आई परड्यात गेल्या आहेत तोवर माझं लिहिते. दुसऱ्या खाटेवर नवी गादी घातली आहे. कुठला सुटा भाग लागेल तो तिकडूनच घेऊन या, इथे मिळायचा नाही. आणि या. ह्यांना आणि मला खरंच बरं वाटेल.

ता. क. दुसरा. हे अक्षर हौसाबाईचं. ती प्रौढांच्या वर्गात शिकली, म्हणून सावकाश लिहिते. मी, यशोदा, थोडं थोडं सांगते. रसिका कामावर गेली आहे. पाकिटाला डिंक लावायचं काम तिने माझ्याकडे दिलं, म्हणून ही जागा मिळाली.

बाबू, टीव्ही चांगला आहे. पहिल्या दिवसापासून चांगला आहे. त्याच्या पाठीमागे वायरीची पिन असते. ती मी संध्याकाळी सातच्या आधी अर्धा फेरा सैल करते. दुपारी दोनला घट्ट करते. रसिका तेव्हा नसते. तेव्हा तीच मालिका पुन्हा लागते. आम्ही दोघी आवाज बारीक करून बघतो. (हौसाबाई म्हणते, मी कशाला हात लावला नाही, मी नुसती बॅटरी धरली. तेही लिही म्हटलं.)

तू म्हणालास, काम नसताना कसा राहू. बरोबर आहे तुझं. मग काम मी तयार केलं. माणूस बोलावून येत नसेल तर कामाला येतो, हे मला तुझ्यामुळेच माहीत. इंदू असताना तू कोणाचाही रेडिओ बिघडला की जेवण टाकून जायचास.

आता नीट ऐक. पहिला आठवडा काही करायचं नाही. नुसतं मागून बघायचं आणि मान हलवायची. दुसऱ्या आठवड्यात म्हणायचं, भाग मुंबईहून मागवावा लागेल. मग तो चुकीचा आला म्हणायचं. असं करता करता गणपती येतात, आणि गणपतीत कोणी कोणाला जा म्हणत नाही. घाईने दुरुस्त करशील तर याद राख. आणि झालाच दुरुस्त तर पुन्हा बिघडेल, ती काळजी तू करू नकोस.

एक मात्र कर. दोष बाबलीवर येता कामा नये. तीनदा खांबावर चढला तो माझ्यापायी, मला रोज वाईट वाटतं. उंदराने वायर कुरतडली म्हणून सांग. उंदराला कोणी विचारायला जाणार नाही.

पत्र वाचून फाडून टाक. टाकायचं विसरशील, म्हणून आधी फाड, मग चष्मा काढ.

खाऊ म्हणून काही पाठवायचं असेल तर खरवस पाठव. इकडे त्यासाठी गाय व्यायची वाट बघावी लागते, मुंबईत म्हणे रोज मिळतो. कुरिअरवाले खरवस घेत नाहीत, मी चौकशी केली आहे. तो मांडीवर डबा ठेवूनच आणावा लागतो. दोन डबे आण, वेलची जास्त घातलेले.