नऊ खेळाडू आणि यासीनचे हातमोजे

दुबई, बुधवार, १३ फेब्रुवारी २००२

जूननंतर कॉलेजच्या फुटबॉल टीममध्ये नऊच मुलं उरणार. इथला पोरगा जरा चांगला खेळायला लागला, की बारावी होताच आईबाप त्याला शिकायला इंडियात धाडतात. मग मी टीम उभी करू कशी?

म्हणून संध्याकाळी देरा भागात इब्राहिमभाईंकडे गेलो. मूळचे रत्नागिरीचे. त्यांच्या बारावीतल्या यासीनसारखा गोलकीपर मी इथे दुसरा पाहिला नाही. बाल्कनीत त्याचे हातमोजे वाळत होते. मी अर्धा तास बोललो. यासीनला आमच्याच कॉलेजात घाला, फी माफ करून देतो, मुलगा डोळ्यांसमोर राहील, वगैरे वगैरे. यासीन म्हणाला, "अब्बा, आय वॉन्ट टु प्ले."

इब्राहिमभाई हसले. "इन्शाल्ला! सर, तुमचा मुलगा केदारपण खेळायचा ना? तो तुमच्याच कॉलेजात असेल?"

"नाही, पुण्याला. इंजिनिअरिंगला."

चिडले असते तर परवडलं असतं. उलट विश्वासाने म्हणाले, "मग आमच्या यासीनसाठीपण तिथलाच फॉर्म मागवा ना."

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

खाली येऊन उगाच वर पाहिलं. यासीन दोरीवरचे हातमोजे काढत होता.