बसलेल्या बाईचं माप

३ फेब्रुवारी
मावशीने राजीनामा दिला. सत्तावीस वर्षं गणित शिकवलं आणि अपघातानंतर एका ओळीत संपवलं. शाळेत निरोप समारंभ एकोणीसला. म्हणते, "चाकाच्या खुर्चीत एकही ड्रेस धड बसत नाही. गाठोड्यासारखी जाऊ का सगळ्यांसमोर?"
मी म्हटलं, मी शिवते!
बोलून बसले खरी. मी कारखान्यात पडदे शिवणारी. पडद्याला ना खांदे, ना कंबर.

५ फेब्रुवारी
समारंभाच्या ड्रेससाठी आणलेल्या निळ्या कापडाला कात्री लावायची छाती होत नाही. म्हणून आधी मांजरपाटाचा कच्चा ड्रेस. माप मावशीच्या जुन्या ड्रेसवरून घेतलं. शिवणीत जादा कापडाची माया भरपूर सोडली – चुकणार हे ठाऊक होतं.

६ फेब्रुवारी
पार फजिती! पोटावर कापडाची वळकटी, पाठ ताणलेली, पुढचा घेर गुडघ्यांच्या वर. मावशी आरशाकडे बघेचना. "राहू दे गं. मी जातच नाही." आणि खोलीचं दार लावून घेतलं.
मी बाहेर टाचण्या गोळा करत बसले. रडूच आलं.

७ फेब्रुवारी
सगळं उसवलं.

९ फेब्रुवारी
सकाळीच हाक आली. "ठमे, कागद आण!"
तिने खुर्चीत बसलेली बाई काढली, फक्त रेघांची. "तू उभ्या बाईचं माप घेतलंस. मी बसलेली आहे. कंबरेत एक काटकोन, गुडघ्यात दुसरा. कोनाच्या आत कापड कमी लागतं, बाहेर जास्त. तुझा हात नाही चुकला, गृहीतक चुकलं."
हा तिचा वर्गातला आवाज! कितीतरी महिन्यांनी ऐकला. मी वहीत मुकाट्याने उतरवून घेतलं, शेवटच्या बाकावरच्या मुलीसारखं.

१२ फेब्रुवारी
या वेळी माप खुर्चीतच घेतलं. पोटावरचं दोन इंच कापड काढलं, पाठीला तीन जोडलं. घेर पुढे लांब, मागे आखूड. वळकटी गायब!
मग मावशीने चाकं ढकलायला हात पुढे नेले आणि – टर्र! काखेत उसवलं. दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो.

१४ फेब्रुवारी
पाठीत दोन चुण्या घातल्या, हात पुढे गेले की उलगडतात. बाह्या कोपराच्या जरा खाली थांबवल्या, चाकाला घासायला नकोत. मावशीने खोलीत चार चकरा मारल्या. पाचवी थेट बाहेरच्या दारापर्यंत!

१६ फेब्रुवारी
निळं कापड बेतलं. कच्च्या ड्रेसचे तुकडे वर ठेवून, खडूने आखून. कात्री मध्येच अडेल वाटलं होतं. छे!

१८ फेब्रुवारी
बसला! कुठे वळकटी नाही, कुठे ओढ नाही.
मावशी आरशासमोरून हलेना. "मागून कशी दिसते गं?"
मी केलं हे! पडदेवालीने!

१९ फेब्रुवारी
मावशी स्वतः चाकं ढकलत पुढे गेली. भाषण एवढंच – "राजीनामा परत द्या. सोमवारी पहिला तास माझा."  पहिली टाळी मुख्याध्यापिकांचीच.
घरी येताना मावशी म्हणाली, "ठमे, शाळा आठवड्यातून सहा दिवस असते. अजून पाच लागतील."