रिपोशांच्या चुलीखाली काय निघालं

क्वेबेक शहर, शुक्रवार, ११ जुलै

प्रिय लुजेकाका,

आधी घडलं ते क्रमाने.

१. गेल्या शनिवारी, तुमच्या सांगण्यावरून, मी आणि चुलतभाऊ गाएताँ तुमच्या शेताच्या पूर्वेकडच्या कुंपणाशी गेलो.

२. आपलं घराणं ज्या सपाट काळ्या दगडाला मूळपुरुष जॉस रिपोश यांची चूल मानतं, तो दगड गाएताँने खोदायच्या यंत्राने उचलला. (खाली सिमेंटचा चौथरा घालायचा होता. आदेश तुमचा.)

३. उचलताना शेजारच्या मादाम बोद्रींच्या स्ट्रॉबेरीला पाणी देणारा नळ फुटला.

४. मादाम बोद्री आल्या.

५. दगडाखाली राख नव्हती, कोळसाही नव्हता. विटेचे दोन तुकडे, लोहाराच्या भट्टीतला एक जळका गोळा आणि मातीच्या वाडग्याच्या तीन खापऱ्या निघाल्या.

६. ज्या नकाशावर 'मूळपुरुषाचं घर' असं लिहून मी मोजणीदार म्हणून सही करायची होती, त्यावर मी सही केलेली नाही.

आता रीतीप्रमाणे. तुमची तब्येत कशी आहे, हे मी विचारायला हवं. पण ती मला काकूंकडून कळत असते, आणि तुमच्याकडून कळते त्यापेक्षा खरी कळते. डॉक्टरांनी मीठ बंद केलं आहे आणि तुम्ही वाटाण्याच्या सुपात खारवलेलं डुकराचं मांस 'फक्त वासापुरतं' टाकायला लावता, असं ऐकलं. सप्टेंबरातल्या ऑपरेशनची तारीख नक्की झाली, हेही समजलं. मी ठीक आहे. कार्यालयात काम भरपूर आहे. या वाक्यांत तुम्हाला आपुलकी दिसली नाही, तर ती आहे असं धरून चालावं. मला ती लिहिता येत नाही, हे तुम्ही माझ्या पहिल्या नाताळच्या कार्डापासून बोलून दाखवत आला आहात.

तुम्ही मला हे काम फेब्रुवारीत सांगितलं होतं. ऑगस्टात रिपोशांचं संमेलन, अडीचशे माणसं, मोठा तंबू, आणि दगडावर पितळी पाटी. पाटीचा मजकूर तुम्ही फोनवर वाचून दाखवलात: 'येथे जॉस रिपोश यांचे घर होते, ही भूमी पुढे शेजाऱ्यांनी बळकावली.' मी विचारलं, बळकावली हे कशावरून? तुम्ही म्हणालात, "पोरी, चूल इथे आणि घराचा खड्डा बोद्रीच्या शेतात. आता काय घर चालत गेलं का तिकडे?" मग, ऑपरेशनआधी एकदा तरी तो माणूस नक्की कुठे होता ते बघायचंय, असं म्हणालात. हे दुसरं वाक्य तुम्ही हळू आवाजात म्हणालात, म्हणून मी काम घेतलं. पहिल्या वाक्यावर घेतलं नसतं.

सुरुवात वाईट झाली. जमिनीखालचं दाखवणारं यंत्र मी एका ओळखीच्या प्राध्यापिकेकडून मागून आणलं होतं. आधी तुमच्या बाजूची हिरवळ पाहिली. पडद्यावर चौकोन उमटला; कडा सरळ, कोपरे काटकोनात. गाएताँने टोपी काढली. त्याने छातीवर क्रॉसची खूण केली आणि "आजोबा, सापडलात," असं काहीसं पुटपुटला. (तो चाळिशीचा आहे आणि बर्फ काढायच्या कंत्राटांवर जगतो, इतका हळवा असेल असं मला वाटलं नव्हतं.) मी त्याला थोडा वेळ तसाच उभा राहू दिला आणि मग सांगितलं की हा तुमच्या संडासाचा शोषखड्डा आहे. त्याने टोपी घातली. तेव्हापासून तो माझ्याशी जरा तुटकपणेच वागतो.

मग बोद्रींच्या शेतातला खड्डा, म्हणजे तुमच्या मते मूळपुरुषाच्या घराचं तळघर. तो कुंपणापलीकडे आहे, पण त्याच्या कडेला हाताचा गिरमिट लावायला मादाम बोद्रींनी मला मे महिन्यात परवानगी दिली होती. (हो, मी त्यांना भेटले होते. तुम्हाला सांगितलं नव्हतं, कारण तुम्ही विचारलं नव्हतं.) गिरमिटाबरोबर लाकडाचा भुसा वर आला. खालपर्यंत भुसाच. मादामना विचारलं तर त्या म्हणाल्या, "तो होय? सासऱ्यांचा बर्फाचा खड्डा. नदीवरून बर्फ कापून आणायचे आणि भुशात पुरायचे. तुझ्या काकाला काय वाटलं, राजवाडा?" काय वाटलं ते मला माहीत होतं.

तेव्हा उरला दगड. आणि दगड, काका, चूल नाही. त्यावरचा काळेपणा काजळीचा नसून एका जातीच्या दगडफुलाचा आहे; नखाने खरवडला तर निघतो. ते मला पूर्वीच दिसायला हवं होतं, पण ज्या वस्तूला आपण लहानपणापासून फुलं वाहिलेली पाहतो, ती नखाने खरवडावी असं सहसा सुचत नाही.

खाली जे निघालं त्याचा अर्थ माझ्या धंद्यातला कुणीही सांगेल. जुन्या काळी मोजणीदार हद्दीचा दगड रोवताना त्याच्याखाली अशा वस्तू पुरायचे ज्या जमिनीत आपोआप येत नाहीत आणि कुजतही नाहीत: वीट, भट्टीतला गोळा, खापऱ्या. त्यांना साक्षीदार म्हणत. कुणी रात्रीतून दगड सरकवला, तर साक्षीदार जागेवर राहायचे आणि लबाडी उघडी पडायची. आपल्या दगडाचे साक्षीदार जागेवर होते. मी त्या जागेपासून वर डोंगराकडे आणि खाली नदीकडे रेष काढली. ती दोन्ही टोकांच्या दगडांना बरोबर लागते. म्हणजे रिपोश आणि बोद्री यांच्यातली हद्द जिथे होती तिथेच आहे. बोद्रींनी एक वीतही घेतलेली नाही. उलट तुमचं कुंपण त्यांच्या शेतात साधारण हातभर शिरलेलं आहे. हे वाक्य दोनदा वाचू नका. रक्तदाब वाढेल आणि काकू मला फोन करतील.

शनिवारचा प्रसंग आता सविस्तर सांगायला हवा, नाहीतर तो तुम्हाला गाएताँकडून कळेल आणि त्यात मी पळताना दिसेन. मी पळाले नाही. पाण्याचा फवारा अंगावर आला म्हणून बाजूला झाले. मादाम बोद्री रबरी बूट आणि झोपायचा झगा अशा वेशात आल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "माझं पाणी आभाळात का चाललंय?" गाएताँ म्हणाला, "मादाम, हे ऐतिहासिक काम आहे." "मग नळही ऐतिहासिकच बसवून दे," असं म्हणून त्यांनी माझ्याकडे मान वळवली. "तू लुजेचीच पुतणी. नाक तेच. खुपसायची खोडही तीच." मी म्हटलं, मादाम, हा तुमच्या आणि आमच्या हद्दीचा दगड आहे आणि तो आम्ही चुकून उपटला आहे. त्यांनी नळ बंद केला, गुडघे टेकून खड्ड्यात पाहिलं आणि खापऱ्या एकेक करून झग्याला पुसल्या. मग विचारलं, "वाडगा कुणाचा? आमचा की तुमचा?" हे सांगता येणार नाही, असं मी म्हटलं. त्या म्हणाल्या, "आमचाच. रिपोश काय आपली वस्तू फोडू देतायत!"

त्यांच्या परवानगीने खापऱ्या मी घरी आणल्या आहेत. स्वयंपाकघरातल्या टेबलावर जुळवून पाहिल्या. तिन्ही एकमेकींना बरोबर बसतात, फक्त एका कडेला फट राहते, कारण ती कड आधीच झिजलेली आहे आणि तिच्यात जुनी चरबी मुरलेली आहे. म्हणजे वाडग्याला तडा आधीपासून होता. त्या काळी भांडी फ्रान्सहून जहाजाने यायची. वर्षातून मोजकी जहाजं. मोजणीदाराने फोडायला भांडं मागितलं, तेव्हा दोन्ही घरांतल्या बायकांनी आपापली फळी नजरेखालून घातली असेल, आणि जिने दिलं तिने तडा गेलेलंच दिलं. तुम्ही छापलेल्या घराण्याच्या पुस्तिकेत जॉसच्या हातात तलवार आहे. मी ती तलवार पाहिलेली नाही. हा तडा पाहिला आहे.

पुस्तिकेचा विषय निघालाच आहे म्हणून लिहिते. तुमच्या जॉसने एकट्याने जंगल तोडलं, वादळात चर्चचा घंटा-मनोरा खांद्यावर धरला आणि मरताना लॅटिनमध्ये बोलला. मला जे पक्कं म्हणता येतं ते एवढंच: तो ला रोशेलजवळच्या गावातून तीन वर्षांच्या करारावर मजूर म्हणून आला, त्याला सही करता येत नव्हती, त्याला नऊ मुलं झाली आणि त्यातली पाच जगली. आणि एक गोष्ट, जी तुम्हालाही ठाऊक आहे, कारण तुम्हीच ती शेवटच्या पानावर इतक्या बारीक अक्षरात छापली आहे की काकूंनी ती भिंगातून वाचली: जॉसची डुकरीण बोद्रीच्या वाटाण्यात शिरली, बोद्रीने तिचा कान कापला, आणि प्रकरण जहागिरीच्या न्यायाधीशापुढे गेलं. न्यायाधीशाने दंड कुणालाच केला नाही. दोघांनी जातीने हजर राहून मधोमध दगड रोवून घ्यावा, असं फर्मावलं. तुम्ही हे वीरपुरुषाला शोभत नाही म्हणून बारीक छापलंत. पण त्याच्या आयुष्यातली हीच गोष्ट जमिनीत सापडली.

मी यावर बराच विचार केला, आणि तो लिहून ठेवण्याइतका झाला आहे असं वाटतं. घर कुठे होतं हे मला माहीत नाही. बहुधा काठाजवळ होतं आणि काठ नदीने नेला. सापडलं असतं तरी 'या घरात तो राहत असावा' इतकंच म्हणता आलं असतं, आणि 'असावा' या शब्दावर मी सही करत नाही. दगडाचं तसं नाही. न्यायाधीशाच्या हुकमाप्रमाणे दगड रोवताना त्याला तिथे उभं राहावंच लागलं. या सबंध खंडावर ही एक जागा आहे जिथे तो उभा होता असं मला खात्रीने म्हणता येतं: पाय चिखलात, डोक्यात राग, समोर बोद्री, मध्ये फुटलेला वाडगा. तो कुठे होता, हे तुम्ही विचारलं होतं. इथे होता. तुम्ही दर वर्षी सेंट जॉनच्या दिवशी फुलं ठेवता ती जागा बरोबरच आहे. चुकीचं आहे ते फक्त फुलं ठेवण्याचं कारण.

तेव्हा पाटी लावायला माझी हरकत नाही. 'घर' आणि 'बळकावली' हे शब्द असलेल्या पाटीला आहे. एकतीस वर्षं तुम्ही मादाम बोद्रींशी बोललेला नाहीत, ते याच एका समजुतीवर. आता समजूत गेली. बोलणं सुरू करणं माझ्या कामात बसत नाही, पण पितळेत ओतलेला खोटा आरोप अडीचशे माणसांपुढे उघडा करायचा आणि त्यातल्या निम्म्यांनी तो आपापल्या मुलांना दाखवायचा, यात माझा हात असणार नाही. तुम्ही रागवाल. रागवा. राग उतरेपर्यंत मीठ खाऊ नका.

काकूंना सांगा, फळांची चटणी संपली.

तुमच्याशी भांडूनही तुमचीच,
आनूक

ता. क. मादाम बोद्री त्या दगडासमोर आल्या की नांगर कुंपणापासून लांबून का न्यायच्या, हे मी विचारलं. मला वाटलं होतं, त्यांनाही तो पवित्र वाटत असेल. त्या म्हणाल्या, "अगं, तिथे तुझ्या काकाने त्याचा तपकिरी कुत्रा पुरलाय ना? दर उन्हाळ्यात फुलं घेऊन येतो, रडतो. कुत्र्यासाठी रडणाऱ्या माणसाशी मी भांडण काढत नाही." मी त्यांना खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, "कुत्रा असता तर बरं झालं असतं."

दुसरा ता. क. वर मी जे जे 'खात्रीने' लिहिलं आहे, त्याला कायद्याने कवडीची किंमत नाही. मी तुमची पुतणी आहे, आणि आमच्या संघाच्या नियमांप्रमाणे नातेवाइकाच्या हद्दीवर मोजणीदाराला मत देता येत नाही. हे मला फेब्रुवारीतही माहीत होतं. म्हणजे तुम्हाला हवी तशी सही मी केली असती, तरी तो नकाशा रद्दीच होता. हे मी तेव्हाच सांगितलं असतं तर तुम्ही दुसरा कुणी शोधला असता, आणि ऑपरेशनआधी तुमच्या मनात काय चाललंय, हे तो मला सांगत बसला नसता.

तिसरा ता. क. खरं काम हे. उपटलेला दगड तसाच सोडता येत नाही. म्हणून माझ्या कार्यालयाबाहेरचे एक मोजणीदार, मस्यू ग्रावेल, शनिवारी, १९ जुलैला सकाळी येऊन तो पुन्हा रोवतील. त्या वेळी दोन्ही जमीनमालक दगडाशी हजर लागतात. मादाम बोद्री येणार आहेत. जुन्या खापऱ्या आपापल्या जागी जातील, पण त्यांच्यासोबत या खेपेचं काहीतरी पुरावं असा त्यांचा हट्ट आहे. त्या एक बशी आणणार आहेत. दुसरी रिपोशांकडून यावी असं त्यांचं म्हणणं आहे, आणि धड असावी, तडा गेलेली चालणार नाही, असं त्यांनी मला दोनदा बजावलं. डॉक्टरांना मी विचारलं आहे. खुर्चीवर बसून यायला त्यांची हरकत नाही. कुंपणापर्यंत खुर्ची गाएताँ नेईल. तुम्ही आला नाहीत, तर तुमच्या वतीने मला उभं राहावं लागेल, आणि ती जागा माझी नाही.

येणार की नाही, एवढं गुरुवारपर्यंत, म्हणजे १७ जुलैपर्यंत कळवा.