फरशी पुलाची ओळ

चिंचमाळ, ता. कन्नड
९ जून २०२५

चि. सोनियास आजीचे उदंड आशीर्वाद.

तुला आठवत नसंल म्हणून आधी ओळख सांगते. मी सत्यभामा, तुझ्या बापाची आई. चिंचमाळला राहते, अजून हाये. दिवाळीत तू पंधरा दिवसाला पत्र टाकते म्हणाली होती. ते पंधरा दिवस लई लांबले बघ. फोनवर मला ऐकू येत नाय, म्हणून शेजारच्या शालूला समोर बसवून लिहून घेते. तिचं अक्षर चांगलं हाये, पण मधी मधी शहाणपणा करते. तिकडं लक्ष देऊ नको.

तर तुझ्या भावाची, इंद्रजीतची सोयरीक अडली. पाचोडच्या काकासाहेबांची मोनिका आपण पाहिली, पसंत पडली. कन्नडच्या एका दवाखान्यात नर्स हाये, तिथंच खोली घेऊन राहते. खाली मान घालून बोलत नाय, मला तेच आवडलं. काल रविवारी ते घर बघायला येणार होते. मी भिंतींना रंग दिला, शेवया केल्या. शनिवारी सांजच्याला काकासाहेबांचा निरोप, की तूर्त थांबावं. का, तर मोनिकानं मोबाइलातल्या ज्ञानकोशात आपल्या राज्यमार्गाचा लेख वाचला. तिथं लिहिलंय म्हणे, पावसाळ्यात चिंचमाळच्या फरशी पुलावरून पाणी जातं आणि वाहतूक बंद पडते.

आता काय म्हणावं? पोराची पत्रिका जुळली आणि रस्त्याची जुळंना!

तू असल्याच लेखांना मार्क देत बसती, असं तुझी आई सांगत होती. ती एक ओळ खोडून टाक. पुलाखाली आज शेळ्या बसल्यात, पाण्याचा थेंब नाय.

माया हाये तशी ठेव, आणि खोडरबर लवकर चालव.

तुझी आजी
(लिहिणार शालू)


छत्रपती संभाजीनगर
१६ जून २०२५

तीर्थरूप आजीस सोनियाचा शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र न टाकल्याबद्दल कान धरले. आता तुझ्या ओळीचं.

कॉलेजातून आल्यावर मी हे काम करते, बिनपगारी. ज्ञानकोशातला लेख कुणीही लिहू शकतो, म्हणून आम्ही काही जण तो तपासतो. प्रत्येक विधानाला छापील आधार आहे का ते बघतो आणि मग लेखाचा दर्जा ठरवतो. तुझा रस्ता महिनाभरापूर्वी माझ्याच वाट्याला आला होता. आजी, डोकं उठलं! रस्त्याची लांबी वर एक, खाली दुसरीच. घाट तीन ठिकाणी ‘नयनरम्य’. सोयगावकडचा फाटा नकाशात डावीकडे, मजकुरात उजवीकडे. एका ढाबेवाल्यानं तर मध्येच स्वतःच्या शेवभाजीची थोरवी घुसडलेली. हे सगळं मी निस्तरलं. आणि त्या अख्ख्या लेखात पक्का आधार असलेली ओळ कोणती, तर तुझीच. दोन वर्षांपूर्वीची वर्तमानपत्रातली बातमी आहे, फोटोसकट. ती मी कशी काढू? त्यात आता आपल्या घरचं काम गुंतलं. अशा लेखाला तपासणाऱ्यानं हात लावायचा नसतो.

शिवाय लेखाच्या चर्चापानावर ‘वाटसरू’ असं टोपणनाव घेतलेलं कुणीतरी रोज विचारतं, की पूल उंच झाला का, झाला असेल तर आधार द्या. उत्तर देऊन देऊन कंटाळले. नवा पूल झाल्याचं काही छापील असेल तर पाठव, तेवढं पुरे.

दादाला सांभाळ. रागातसुद्धा तुझा हात माझ्या डोक्यावर राहू दे.

तुझी सोनिया


चिंचमाळ
२४ जून २०२५

चि. सोनियास आशीर्वाद. रागात हाये, पण आशीर्वाद.

घरचं काम म्हणून हात लावायचा नाय, हा कुठला कायदा? घरच्या कामाला मग काय परगावचा माणूस बोलावू? आणि दुनियेच्या लेखातली घाण उपसायला तुला सवड हाये, भावाची एक ओळ तेवढी जड झाली व्हय?

छापील पाहिजे म्हणती ना, घे छापील. पुलाशेजारी चार वर्षांपासून हा एवढा मोठा फलक उभा हाये. त्याच्यावर पुलाचं चित्र हाये, उंच, कठड्यासकट. इंद्रजीतकडून फोटो काढून सोबत घातलाय. शालू काहीतरी पुटपुटत होती, मी म्हणलं तू गुमान लिही.

इंद्रजीतचं सांगते. कन्नडला दूध घालायला जातो तर दवाखान्यासमोरून न जाता मागच्या गल्लीतून जातो. बत्तीस वर्षांचा झाला पोरगा. ही तिसरी सोयरीक. आधीच्या दोघींनी खेडं नको म्हणलं, ही खेड्याला व्हय म्हणत होती. ही गेली तर तो पुन्हा कुणाला बघायला जायचा नाय, मला ठाऊक हाये.

त्या वाटसरूला काही कामधंदा नसंल. त्याला म्हणावं, एकदा येऊन बघ, मी स्वतः फरशीवर उभी राहून दाखवते.

उत्तराला पुढली दिवाळी उजाडू देऊ नको.

तुझी आजी
(लिहिणार शालू)


छत्रपती संभाजीनगर
८ जुलै २०२५

तीर्थरूप आजीस साष्टांग नमस्कार.

फोटो मिळाला. आजी, फलकावर ‘नियोजित पूल’ असं लिहिलंय. म्हणजे पुढं व्हायचा आहे. फलक झाला, पूल नाही. शालूवहिनी बिचारी तेच पुटपुटत असणार.

मग मी चर्चापानावर सरळ लिहून टाकलं, की हे माझं गाव आहे, माझ्या भावाची सोयरीक या ओळीवर अडली आहे, तरी ओळ खरी आहे आणि ती राहू द्यावी. लेखाचा दर्जा मात्र दुसऱ्या कुणी ठरवावा. लिहिताना दादाचा चेहरा डोळ्यांपुढून हलत नव्हता. रडले थोडी.

दुसऱ्या दिवशी वाटसरूनं विचारलं, की तो भाऊ कन्नडला दूध घालायला येतो का. आजी, वाटसरू म्हणजे मोनिका!

माझा नंबर मागून तिनं फोन केला. लग्नानंतर तिला नोकरी सोडायची नाही. पाणी आलं तर दवाखान्यात कामाच्या पाळीला पोचायचं कसं, एवढंच तिला खरं हवं होतं. तिला आधी आलेल्या दोन्ही स्थळांनी आपल्या गावचा रस्ता एक नंबर म्हणून सांगितलं होतं, आणि त्यातल्या एका गावात त्यांची गाडी चिखलात रुतली. मी काही झाकलं नाही. जोराचा पाऊस झाला की अर्धा दिवस, कधी अख्खा दिवस अडतं. मग शिवारातून पिशोरवरून वळसा, तोही ट्रॅक्टरनं. तिनं विचारलं, ट्रॅक्टर कोण चालवणार. मी म्हटलं, ते दादालाच विचार.

पुढं काय होईल ते मला माहीत नाही. काकासाहेब अजून घुश्शातच आहेत. हवं तेवढं बोल मला, पण बोलणं टाकू नकोस.

तुझी सोनिया


चिंचमाळ
२१ जुलै २०२५

चि. सोनियास आशीर्वाद.

तुझं पत्र शालूनं दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा मीच वाचायला लावलं, कुठंतरी ती चुकली असंल म्हणून. नाय चुकली. एवढी शिकवली तुला, आणि भावासाठी एक ओळ पुसवंना! शालूला मोबाइल उघडायला लावते रोज सकाळी. ती ओळ हाये तिथंच हाये. पोथीसारखी ऐकून घेते आणि मग चहा घेते.

काकासाहेबांचा निरोप आला. नागपंचमीनंतरच्या रविवारी, तीन तारखेला, येत्यात. दिवस मोनिकानंच ठरवला, मुद्दाम पावसातला. आधी रस्ता बघणार, मग घर, पोराचा नंबर शेवटी. इंद्रजीतला तिचा फोन आला होता म्हणे. काय बोलली ते सांगत नाय. पण न सांगता ट्रॅक्टर धुतो, रोज धुतो. दूध घालायला दवाखान्यासमोरून जायला लागला. वाटसरूला मी बिनकामाचा म्हणले होते ते तिला सांगशील तर याद राख.

तरी माझं म्हणणं तेच हाये. ओळ काढायला पाहिजे होती. आपल्या पुलावरून असं काय मोठं पाणी जातं? लोक उगाच बभ्रा करत्यात. शालू हसतीये, तिला काय झालं कुणास ठाऊक.

तू शनिवारी मुक्कामाला ये. भांडण बाकी हाये, ते समोरासमोर करू.

तुझी आजी
(लिहिणार शालू)

ता. क. पाहुण्यांसाठी गुलमंडीवरची दोन किलो इमरती पाठव. तुझ्यासंगं शनिवारी आणू नको, शुक्रवारच्याच एसटीत कंडक्टरपाशी दे. शनिवारी पाणी आलं तर एसटी फरशीच्या पलीकडंच थांबते, आणि मग इमरती पलीकडचीच माणसं खात्यात.