सुगेंगचा साप आणि आईचं जेवण

सेमारांग, ४ मे १९९५

ती. सुगेंगदादास,
सा. न. वि. वि.

इकडे सगळे ठीक. तुझ्या गळ्याभोवती काही गुंडाळलेलं नसेल, तर तूही ठीक असशील असं धरून चालते.

निंग्रुमचे दिवस भरत आलेत. मला सुराबायाला जावं लागेल, आणि बाळाचा पस्तिसाव्या दिवसाचा विधी झाल्याशिवाय लेक मला सोडणार नाही. तेव्हा आईला तुझ्याकडे ठेवते. आमचे हे शनिवारी तिला सोलोला आणून सोडतील. बाबा गेल्यापासून तिच्या जेवणाची दशा तुला ठाऊक आहे. लग्नाच्या तीनशे पानांचा स्वयंपाक मी सकाळच्या आत उरकते, पण ही एक बाई मला हरवते. चार घास पोटात जायला तासभर चमचा घेऊन समोर बसावं लागतं. सातला पेज, दहाला अंडं, बाराला भात. नको म्हणाली तरी सोडायचं नाही. बोलत राहायचं आणि भरवत राहायचं.

आता तुझ्या त्या प्राण्याबद्दल. निवृत्त झालेली माणसं पिंजऱ्यात होला पक्षी पाळतात. तू साप पाळलास. बरं, पाळायचा तर अजगर तरी पाळायचास, लोक बघायला आले असते. तुझा हा तस्कर जातीचा साप कपडे वाळत घालायच्या दोरीएवढा, आणि तोही म्हणे रुसून जेवत नाही. तुझ्या फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात सोयाबीनच्या टेम्पेशेजारी उंदरांचा डबा आहे हे ह्यांनी पाहिलं, त्या दिवसापासून तुझ्याकडचा चहासुद्धा त्यांना नको असतो. आई यायच्या आत ते प्रकरण घराबाहेर काढ. तिला काही झालं तर मी तुझं तोंड पाहणार नाही, आणि हे वाक्य थट्टेचं नाही.

लोभ आहेच, तो राहू द्यायचा की नाही ते तू ठरव.

तुझी वुर्यानी

सोलो, २० मे १९९५

चि. वुर्यानीस,
अ. आ.

नात झाल्याचं कळलं. फार आनंद झाला. नाक तुझं असो, जीभ मात्र तुझी नसो.

साप बाहेर काढला नाही. तो बिनविषारी आहे हे तुला दहांदा सांगितलं, अकराव्यांदा सांगत नाही. आईने आल्या दिवशीच त्याच्या पेटीपाशी खुर्ची ओढली. ते बघून त्याने मान फुगवली, जबडा उघडला, आणि तेवढ्याने म्हातारी हलेना तेव्हा उताणा पडून चक्क मेला. मी आईला म्हटलं, हे सोंग आहे, बघणारा गेला की उठेल. आई हसायला लागली. बाबा गेल्यापासून मी तिला हसताना पाहिलं नव्हतं. डोळे पुसून म्हणाली, की मीही वुर्यानीकडे हेच करते. चमच्याचा आवाज आला की डोळे मिटून पडायचं, ती थकली की उठायचं.

तुझे नियम मी दोन दिवस पाळले. सातला पेज नेली, आई झोपलेली. दहाला अंडं नेलं, आई झोपलेली. दोन दिवसांत पाण्याखेरीज काही पोटात गेलं नाही. खरं सांगतो, मी घाबरलो. डॉक्टरांना बोलावणार होतो.

तिसऱ्या दिवशी सापाचा जेवायचा वार होता. उंदीर कोमट पाण्यात ठेवून नरम केला, पेटीत ठेवला, वरून फडकं टाकलं. आईने विचारलं, नाही खाल्लं तर? मी म्हटलं, तर काढून टाकायचं, आठवड्याने पुन्हा ठेवायचं, मध्ये त्याला छेडायचं नाही. बघत बसलं की तो तोंड लावत नाही. आईने खुर्ची पेटीपासून मागे ओढली. मग म्हणाली, मलाही तसंच दे.

भात, नारळाच्या दुधातली लोदेहची भाजी आणि टेम्पेची एक फोड वाढून ताट झाकलं आणि मी गल्लीत गप्पा मारायला गेलो. परत आलो तर निम्मं संपलेलं. आता पूर्ण ताट संपतं. सापाने सहा आठवडे काही खाल्लेलं नाही. सध्या आई त्याच्या पुढे आहे.

बाळाला आशीर्वाद. लोभ वाढवावास, भरवू नयेस.

तुझा दादा

सुराबाया, २५ मे १९९५

दादास,

नमस्कार आपला रीतीपुरता.

माझ्या आईला सापासारखं जेवायला घालतोस, आणि हे कागदावर लिहायला तुझा हात धजला. चौदा महिने तिचं अंथरूण, औषधं, अंघोळ मी केली. तू दोनदा आलास आणि दोन्ही वेळा पोटभर जेवून गेलास. आता दोन आठवड्यांत तुला सेवेतलं मर्म कळलं, तेही पेटीतल्या गुरूकडून.

मला राग त्याचा नाही. ती झोपली आहे असं समजून मी तिच्या उशाशी बसून दोनदा रडले आहे. म्हणजे ती जागी होती.

बारा जूनला विधी आहे. तेरा तारखेला येऊन तिला घेऊन जाते.

वुर्यानी

सोलो, ३१ मे १९९५

चि. वुर्यानीस,
अनेक आशीर्वाद.

दादा पत्र लपवत होता, मी काढून घेतलं. हो, मी जागी होते, दोन्ही वेळा. डोळे उघडले असते तर तू लगेच चमचा उचलला असतास, म्हणून उघडले नाहीत. ते माझं चुकलं. अठ्ठावन्न वर्षं तुझ्या बाबांसमोर बसून जेवले. समोर दुसरं कुणी बसलं की घास फिरायचा. हे तुला सांगायला हवं होतं. पण तू बोलायचं थांबली असतीस तर सांगितलं असतं.

दादाचंही कौतुक नको. काल सापाने खाल्लं तर याने गल्लीभर सांगितलं. मी खायला लागले ते कुणाला सांगितलं नाही. भाजीत मीठ जास्त घालतो. त्याला बजावलं आहे, यापुढे सहा महिने मी इथे आणि सहा महिने तिकडे. त्याचा चेहरा पडला, मग हो म्हणाला.

तेरा तारखेला ये, पण न्यायला नको. डबा आणू नकोस. त्या दिवशी भात आणि लोदेह मी करणार आहे. तू बसून गरम जेव. मला भरवून झाल्यावर तू उभ्याउभ्या गार भात खायचीस, तो मी पापण्यांआडून रोज बघत होते.

बाळाला जप. माया आहे तशीच आहे, वेगळी मागायला नको.

तुझी आई