बेलाचं तिसरं पान

॥ श्री गुरुबसवलिंगाय नमः ॥
निलंगा, १६ जानेवारी २०१२

चि. श्रीशैल यास महादेवीआत्याचे अ. उ. आ.

तुझं पत्र आणि दुकानाचा फोटो मिळाला. फोनवर मला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं मी मनाचं घालते, म्हणून आपलं पत्रच बरं. संक्रांतीचा तिळगूळ पाकिटात घातलाय. चुरा झाला असेल तर चमच्यानं खा.

फोटोत तू ज्याच्या दंडावर सुईनं गोंदतोयस, त्याचं कासव मी लगेच ओळखलं. तू लिहितोस की ही नक्षी पॉलिनेशियातल्या, दूर समुद्रातल्या बेटांवरच्या लोकांची. असेल. पण मग आपल्या महादेवाच्या देवळात नंदीजवळ फरशीत कोण बसलंय? आमचे हे, तुझे मामा, म्हणाले, आपण बैलाला डाग देतो तसलंच हे, हरवला तर सापडावा म्हणून. म्हणून स्वतःच हसत सुटले.

आता कामाचं. तुझ्या अप्पानं घोळ घालून ठेवलाय. लातुरात डॉक्टरकीच्या क्लासला जीवशास्त्र शिकवणाऱ्या बसवराज सरांचाच मुलगा क्लास सोडून गोंदायला लागला, हे त्याला कुणाला सांगवेना. म्हणून तो खुशाल सांगतो, की मुलगा नांदेडला कातडीचा डॉक्टर आहे. उदगीरचे आडतवाले गुरुपादप्पा त्यालाच भुलले. त्यांच्या अंबिकेचं स्थळ तुला सांगून आलंय आणि रविवारी ते तुझा ‘दवाखाना’ बघायला येणार आहेत. तीन वर्षं अप्पा तुझ्याशी बोलला नाही. हे उघडं पडलं तर पुढंही बोलायचा नाही, याची मला धास्ती आहे. तरी खोटं बोल असं मी लिहिणार नाही.

एक माझंही काम आहे. माझ्या हातावरचं बेलाचं गोंदण तू लहानपणी बोटानं गिरवायचास. भूकंपात हात फाटला तेव्हा तीन पानांतलं एक गेलं. तेवढं भरून देशील का?

लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.
तुझी आत्या

नांदेड, २४ जानेवारी २०१२

ती. आत्यास श्रीशैलचा सा. न. वि. वि.

तिळगुळाचा चुराच झाला होता. चमच्यानं खाल्ला.

रविवारी गुरुपादप्पा आले तेव्हा खुर्चीत एक पहिलवान बसला होता. त्याला कुठल्याशा खेळाडूच्या दंडावरची नक्षी जशीच्या तशी हवी होती. मी माझ्या रीतीप्रमाणे विचारत होतो, तुमची माणसं कोण, गाव कोणतं, घरात जीव कुणावर. त्या बेटांवरच्या नक्षीत माणसाचं घराणं असतं असं मी वाचलंय. तेव्हापासून विचारल्याशिवाय मी रेघ ओढत नाही. पहिलवान वैतागला, म्हणाला की गोंदायला आलोय का सोयरीक जमवायला? आणि तेवढ्यात सोयरीक जमवणारेच दारात उभे!

गुरुपादप्पांनी बसल्याबरोबर बाही वर सारून गजकर्ण दाखवलं. एखादं मलम लिहून दिलं असतं तर वेळ निभावली असती. माझ्याच्यानं होईना. चहा यायच्या आधीच सांगून टाकलं, की मी डॉक्टर नाही, गोंदणारा आहे, आणि हे पेशंट नव्हेत, गिऱ्हाईक आहेत. त्यांनी बाही खाली ओढली आणि भिंतीवरचं कासवाचं चित्र निरखलं. मग चहा प्यायले आणि निघून गेले.

अप्पांना आता कळलंच असेल. स्थळाचं मला वाटत नाही काही. पण अप्पा कायमचे तुटले, याचं वाटतं. आत्या, मी चोरी केली नाही, कुणाला फसवलं नाही. मग एवढा राग कशाचा?

तुझं पान मात्र मला भरता यायचं नाही. जखमेच्या वणात शाई नीट धरत नाही, पसरून नुसता डाग होतो. तुझ्या हातावर डाग मी करणार नाही. दुसरं काहीही माग.

मामांना नमस्कार. त्यांना सांग, माझ्याकडचा एकही बैल अजून हरवला नाही. माया अशीच असू दे.
तुझा श्रीशैल

॥ श्री गुरुबसवलिंगाय नमः ॥
निलंगा, ३० जानेवारी २०१२

चि. श्रीशैल यास अ. उ. आ.

काल तुझा अप्पा येऊन गेला. गुरुपादप्पांचा त्याला फोन आला होता. ते म्हणाले म्हणे, की सर, तुम्ही लबाड निघालात, पण पोरगं लई सरळ हाय, आम्हाला असंच पाहिजे. त्यानं तर तो जास्तच पेटला. येऊन इथं ओरडत राहिला. मला कुठं ऐकू येतंय? मी आपली शेंगा सोलत बसले. तो दमल्यावर मी नुसता हात त्याच्यापुढं धरला. मग खाली टेकला.

तुला हे कुणी सांगितलेलं नाही. किल्लारीजवळच्या माझ्या सासरी भूकंप झाला तेव्हा तुझे मामा गणपती विसर्जनाला गेलेले म्हणून वाचले आणि मी घराखाली गाडले गेले. तुझा अप्पा लातूरहून पोचला तेव्हा ऊन चढलं होतं. गावात गल्लीच उरली नव्हती, आमचं घर कोणतं ते त्याला कळेना. एका ढिगातून एक हात तेवढा वर आलेला, आणि त्यावर बेलाची दोन पानं. तिथं त्यानं नखांनी माती उकरली. मग मला पाठीवर घेऊन डॉक्टर शोधत हिंडला, आणि डॉक्टर लवकर मिळेना. तुला डॉक्टर करायचं त्यानं त्याच दिवशी ठरवलं असणार. त्याचा राग गोंदणावर नाही रे, त्या दिवसावर आहे.

मी त्याला एवढंच म्हटलं, की अरे बसू, डॉक्टर नंतर भेटला, आधी पान भेटलं. तो चहा न पिताच उठून गेला. मी जास्त बोलले का? जीव टांगणीला लागलाय. काही कळलं तर लगेच लिही.

आशीर्वाद आहेतच, ते पुरवून वापर.
तुझी आत्या

लातूर, १३ फेब्रुवारी २०१२

ती. अक्कास बसवराजचा शि. सा. न. वि. वि.

काल एसटीनं नांदेडला गेलो. दुकानात बाकावर माझ्याच क्लासची दोन मुलं बसलेली. ताप आलाय म्हणून सुट्टी घेऊन आलेली. मला बघून दोघंही उभी राहिली आणि आम्ही नुसतं बघायला आलोय म्हणून शपथा घेऊ लागली. श्रीशैल हातमोजे घालून तसाच उभा. मी पोरांच्याच बाकावर टेकलो. म्हटलं, माझा नंबर कधी लागेल?

त्यानं खुर्ची पुसली आणि गिऱ्हाइकाला विचारतात तसं मलाही विचारलं, तुमची माणसं कोण. मी म्हटलं, निलंग्याला एक बहीण आहे, आणि एक मुलगा. बाकावरचं एक पोरगं मध्येच म्हणालं, की मुलगा म्हणजे इथले ते डॉक्टर ना सर? मी सांगितलं, डॉक्टर न्हाई बाबा. हाच तो, हातात सुई आहे तो.

सुई लई लागते, अक्का. पोरांपुढं ओरडू नये म्हणून मी कातडीच्या थरांवर तास घ्यायला लागलो. श्रीशैल म्हणाला, अप्पा, हात हलवू नका. तीन वर्षांनी त्याच्या तोंडून अप्पा ऐकलं, आणि माझा तास तिथंच सुटला.

आता तिथं खाज सुटलीय आणि खाजवायची सक्त मनाई आहे. पुढच्या रविवारी गुरुपादप्पा अंबिकेला घेऊन नांदेडला येणार आहेत, या वेळी दुकान बघायला. तू आणि दाजी या. जेवताना माझ्या शेजारी बस आणि बांगड्या जरा मागं सारून ठेव. तिसरं पान तुझ्या हातावर धरत नाही असं तो म्हणाला, म्हणून ते मी माझ्या हातावर काढून घेतलंय.

जीव लावलास, तसाच लावत राहा.
तुझा धाकटा,
बसू