चुलीपुढचा निकाल

वकीलसाहेब, तुमचं नाव मी कधी घेतलं नाही, आता तरी कशाला घेऊ? मी सांगतेय आणि नात लिहितेय. ती इंदापूरच्या कोर्टात वकिली करते, आणि माझं बोलणं शुद्ध करून लिहायची तिला खोड आहे. बायको फारच सुधारली असं वाटलं तर दचकू नका.

वरकुट्याच्या घरातल्या सकाळी आठवतात. मी चुलीपुढं भाकरी थापतेय, तुम्ही पाटावर बसून त्या दिवसाचा युक्तिवाद मला ऐकवताय. तारीख बारामतीला असो की इंदापूरला, पहिली सुनावणी माझ्यापुढं. शेवटी विचारायचात, "समजलं का?" मी "न्हाय" म्हटलं की पुन्हा पहिल्यापासून. "तुला समजलं की जज्जाला समजतंय." "म्हंजी जज्ज माझ्यापरास ढ हाय व्हय?" तुम्हाला हसता हसता ठसका लागला. बांधाच्या एका खटल्यात मी तीनदा "न्हाय" म्हणाले, भाकरी करपली, पण खटला तुम्ही जिंकलात. येताना हिरव्या बांगड्या आणल्यात. म्हणालात, "जज्जाला लाच."

मग पोटनिवडणूक लागली आणि उरलेल्या दीड वर्षापुरते तुम्ही आमदार झालात. दारात गाडी, ओट्यावर माणसं, मी चहाची किटली घेऊन आत-बाहेर. भाषणं दुसरेच लिहून द्यायचे. पाट भिंतीला टेकून उभा. दीड वर्षात मला कुणी विचारलं नाही, समजलं का म्हणून.

पुन्हा अर्ज भरायच्या सकाळी मात्र तुम्ही स्वतः पाट मांडलात. कालव्याचं पाणी टोकाच्या शेतापर्यंत कसं न्यायचं, ते परातीतल्या पिठात बोटानं रेघ ओढून सांगितलंत.

"समजलं का?"

"न्हाय."

पुन्हा सांगितलंत.

"न्हाय वो."

तिसऱ्यांदाही तेच. "तुलाच समजंना, तर लोकांस्नी काय सांगू?" म्हणालात, आणि बाहेर जाऊन माणसांना परत पाठवलंत. लोक म्हणाले, वरून नाव कापलं. तुम्ही कुणाला काही बोलला नाहीत. पुढच्या सोमवारी काळा कोट पुन्हा अंगावर, तुम्ही पुन्हा पाटावर. मला एवढंच तर हवं होतं.

त्या टोकाच्या शेतात पाणी अजून पोचलेलं नाही. एसटी तिथनं जाते तेव्हा मी दुसऱ्या खिडकीकडं बघते.

आता पाटावर नात बसते. "समजलं का, आज्जे?" मी लगेच "व्हय" म्हणते, समजलं नसलं तरी. ती विचारतेय, कागद फोटोपुढं ठेवू का. नको म्हटलं, तुझ्या फायलीत राहू दे. तुम्ही वाचाल आणि उलटतपासणी घ्याल.

मला एक अक्षर येत नाही. पण पिठातली ती रेघ आजही जशीच्या तशी काढून दाखवीन. पहिल्याच खेपेला समजली होती.